झुमक्याच्या चिठ्ठीवरचा आकडा

प्रदर्शनातल्या स्टॉलवरचा मातीचा एक झुमका हातात घ्या. इवलासा घुमट, कडेला राईएवढे मणी, वर तारेचं हूक. माती, रंग, हूक सगळं धरून जोडीमागे फार तर ३० रुपयांचा माल. मग चिठ्ठीवर ३५० कसे?

हिशेब मांडून बघू. माती मळणं, आकार देणं, सावलीत वाळवणं, भाजणं, रंगवणं यात जोडीमागे हातांचा दीड तास जातो असं समजा. तासाला १०० रुपये लावले, तर घडणावळच १५०. भट्टीत तडकलेल्या जोड्यांचा भुर्दंड उरलेल्यांवर, तो २० धरू. झाले २००.

आता खरी गंमत. दोन दिवसांचं स्टॉलभाडं ६,००० असेल आणि ६० जोड्या खपल्या, तर प्रत्येक जोडीवर १०० रुपये भाडं बसतं. ४० च खपल्या तर १५०. म्हणजे तीच माती, तेच हात, पण पहिल्या वेळी जोडीमागे ५० रुपये सुटतात, दुसऱ्या वेळी छदामही नाही! महिन्यापूर्वी घडवून झालेल्या वस्तूला नेमका किती खर्च आला, हे प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी ठरतं.

गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. वजन करा, घडणावळ मिळवा, झालं. मातीच्या झुमक्याचा भाव कुठे पाहणार? मग बुडत्याला काडीचा आधार तसा मनाला समोर दिसेल त्या आकड्याचा आधार! ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेला प्रयोग पाहा. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र १० वर थांबलं त्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ वर थांबलं त्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काय संबंध? काहीही नाही! मग स्टॉलच्या मधोमध २,८०० चा हार टांगला, की शेजारचे ३५० किरकोळ का वाटतात, ते कळतं.

याहून चक्रावणारा किस्सा मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ च्या पुस्तकात सांगितलाय. ॲरिझोनातल्या एका दुकानात फिरोजा खड्यांचे दागिने पडून होते. वैतागलेल्या मालकिणीनं किंमत निम्मी करायची चिठ्ठी लिहून ठेवली आणि ती गावाला गेली. विक्रेतीनं घाईत लिहिलेला ‘१/२’ हा ‘२’ वाचला आणि भाव दुप्पट केला. माल सगळा खपला! पारख नसलेल्या प्रवाशांना चढी किंमत हीच अस्सलपणाची खूण वाटली.

आणि स्टॉलवर ठेवलेला तो छोटा आरसा? तोही विक्रेताच. २००९ च्या एका संशोधनात दिसलं, की वस्तूला नुसता हात लावला तरी ती आपली वाटू लागते. इथे तर झुमका कानात डुलतोय, आरशात दिसतोय. काढून परत ठेवायचा म्हणजे आपलंच काहीतरी देऊन टाकल्यासारखं.

म्हणूनच दुपारपर्यंत भवानी झाली नाही, की नवखी कारागीर घाबरून ३५० वर काट मारते आणि १५० लिहिते, तिथे दुहेरी घाटा होतो. दीड तासाची मजुरी तर बुडतेच, शिवाय समोरची बाई म्हणते, “एवढं स्वस्त? साच्यातलं असणार!”

त्यापेक्षा आरसा पुढे सरकवावा.