उत्सवातील कला आणि लोकांचा सहभाग

जयंती-उत्सव म्हटला की मिरवणूक, कमान, रोषणाई आणि देखावा या गोष्टी ओघाने येतात. देखाव्यापुढे माणूस दोरीच्या अलीकडे उभा राहतो, हात जोडतो आणि पुढे सरकतो. परंतु मोठ्या शहरांच्या महोत्सवांत आता अशाही भव्य कलाकृती मांडतात, की ज्यांना हात लावावा, ज्यांतून चालावे, ज्यांवर लिहावे अशीच अपेक्षा असते. लोकांच्या सहभागावाचून त्या पुऱ्या होत नाहीत. ही कला तालुक्याच्या गावी कशी आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

आपल्या राज्यातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव. १९९९ साली तो सुरू झाला. फोर्ट भागात, जहांगीर कलादालनाच्या परिसरात, नऊ दिवस रस्त्यावरच भव्य मांडण्या उभ्या राहतात. कलादालनाची पायरी चढताना साध्या माणसाचा पाय अडखळतो. रस्त्याला दार नसते, म्हणून तेथे सर्व थर एकत्र येतात. गोव्यात पणजी येथेही २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो.

परदेशातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे शिकागो शहरातील 'क्लाउड गेट' हे शिल्प सुमारे १०० टन वजनाचे, आरशासारख्या चकचकीत पोलादाचे आहे. लोक त्याच्या कमानीखालून जातात व त्यात स्वतःला आणि शहराला पाहतात. याउलट २०११ साली कँडी चँग या कलावतीने न्यू ऑर्लिअन्स येथील एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा रंग दिला, मरण्यापूर्वी मला काय करायचे आहे, असे अपुरे वाक्य त्यावर पुन्हा पुन्हा लिहिले आणि शेजारी खडू ठेवले. लोकांनी भिंत भरून टाकली. पहिल्या कामास अफाट पैसा लागला, दुसऱ्यास रंग आणि खडू. लोकांना सामावून घेण्याचे काम दोहोंनीही केले.

बौद्ध परंपरेला ही कल्पना परकी नाही. स्तूप एका जागी उभे राहून पाहायचा नसतो. त्याभोवती प्रदक्षिणा घालताना तो उलगडत जातो. सांचीच्या स्तूपावर दात्यांचे शेकडो लेख आहेत. त्यांत भिक्षू-भिक्षुणी, उपासिका, व्यापारी आहेत. दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेख आहे. अनेकांच्या हातांनी ते काम उभे राहिले.

आपल्यासाठी याला आणखी एक अर्थ आहे. हात लावू नका, हे शब्द आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हा निषेध मोडण्यासाठी. म्हणून भर चौकात 'या, हात लावा' असे सांगणारी कलाकृती आपल्याकडे केवळ करमणूक ठरणार नाही.

माजलगावात १४ एप्रिलला काय करता येईल? प्लायवूडचा लांब फळा काळा रंगवावा आणि त्यावर 'मला शिकून...' एवढेच ओळीने लिहावे. उंची लहान मुलांचा हात पोहोचेल अशी असावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी पांढरे कापड व निळा रंग ठेवावा. बँकेत अंगठा उठवताना वयस्क बायाबापड्यांची मान खाली जाते, हे मी रोज पाहतो. येथे त्यांनी ताठ मानेने अख्खा पंजा उमटवावा.

व्यवहाराच्या बाबीही पाहाव्यात. नगर परिषद व पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्यावी. एप्रिलचे ऊन ध्यानात घेऊन सावली व पिण्याचे पाणी असावे. उघड्या पत्र्यावर हात भाजेल, म्हणून लाकूड बरे. वळवाच्या वाऱ्यात चौकट पडू नये असे पक्के टेकू द्यावेत. विजेच्या तारा हाताच्या टप्प्यात नसाव्यात. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने थांबून खडू द्यावेत, अपशब्द पुसावेत.

कोणी म्हणेल, हा पैसा पुस्तकांना द्यावा. आक्षेप रास्त आहे. पण ध्वनिक्षेपकांच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चाच्या अल्प अंशात हे काम होते, आणि पुस्तके कोणाला हवीत हेही त्यातूनच कळते. कारखान्यांचा हंगाम संपवून ऊसतोड कुटुंबे साधारण याच सुमारास परततात. त्यांच्या मुलांची शाळा मध्येच तुटलेली असते. एखादी मुलगी फळ्यावर 'नर्स व्हायचे आहे' असे लिहील. फळा पुसण्यापूर्वी हा मजकूर वहीत उतरवावा, लिहिणाऱ्याची संमती असल्यास नाव-गाव टिपावे आणि जूनमध्ये शाळा उघडताना संस्थेने त्या घरी जावे. तसे झाले नाही, तर फळा ही फक्त आणखी एक शोभा ठरेल.

जय भीम!