अत्यवस्थ रुग्ण आणि आयुष्याचा हिशेब

सातपुड्याच्या पायथ्याकडील यावल, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यांतून अत्यवस्थ माणूस जळगांवीं किंवा धुळ्यास आणला जातो, तेव्हां अतिदक्षता विभागाच्या दाराशीं उभ्या असलेल्या नातलगांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : ‘वांचेल ना?’ या प्रश्नास वैद्यकशास्त्र निश्चयानें होय किंवा नाहीं म्हणूं शकत नाहीं. परंतु अशा अवस्थेंतील शेंकडा किती माणसें वांचतात व कशामुळें वांचतात, हें तें सांगूं शकतें. मात्र हा हिशेब वाचण्याची रीत ठाऊक नसेल, तर तोच आंकडा माणसास फसवितो.

अतिदक्षता विभागाची कल्पनाच मुळीं अशा हिशेबांतून जन्मास आली. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ उद्भवली. तेथील ब्लेगडाम रुग्णालयांत श्वास बंद पडूं लागलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकीं २७ दगावले. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें गळ्यास छिद्र पाडून नळी बसवावी व रबरी पिशवी हातानें दाबून फुप्फुसांत हवा भरावी, असा उपाय सुचविला. सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं आळीपाळीनें उशाशीं बसून ती पिशवी दाबली आणि मृत्यूचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. या काळांत पोलिओवर कोणतेंहि नवें औषध सांपडलें नव्हतें. फरक पडला तो श्वासाला मिळालेल्या आधारामुळें आणि रुग्णाजवळ अहोरात्र जागणाऱ्या माणसांमुळें.

अशा जागरूकतेची किंमत खानदेशास २०२० सालीं कळली. त्या वर्षीं जूनच्या आरंभीं जळगांव जिल्ह्यांत कोरोनाचें निदान झालेल्या दर शंभर रुग्णांमागें दहांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. देशाच्या सरासरीच्या तिपटीहून हें प्रमाण अधिक होतें. त्याच महिन्यांत, बेपत्ता समजली गेलेली एक वृद्ध रुग्णा शासकीय रुग्णालयाच्या स्वच्छतागृहांत कांहीं दिवसांनीं मृतावस्थेंत सांपडली व अधिष्ठात्यांसह अनेकांना निलंबित करण्यांत आलें. असा आंकडा वाचतांना विवेक हवा. चांचण्या थोड्या झाल्या, तर सौम्य रुग्ण मोजणींत येतच नाहींत आणि मृत्यूचें प्रमाण फुगून दिसतें. रुग्ण फार उशिरा दाखल झाले, तर तें खरोखरीच वाढतें. परंतु आजारी माणूस दिवसेंदिवस कोणाच्याच दृष्टीस पडूं नये, याचें समर्थन कोणतेंहि गणित करूं शकत नाहीं.

म्हणून रुग्णालयाची पारख करण्यापूर्वीं तेथें आलेले रुग्ण किती अत्यवस्थ होते, हें मोजावें लागतें. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सोफा’ नांवाच्या पद्धतींत श्वसन, रक्ताभिसरण, यकृत, मूत्रपिंडें, मेंदू आणि रक्त गोठण्याची क्रिया या सहांपैकीं प्रत्येकास शून्य ते चार गुण देतात. गुण जितके अधिक, तितकी अवस्था बिकट. ब्रुसेल्स येथील ३५२ रुग्णांच्या २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, पहिल्या ४८ तासांत हे गुण वाढले त्यांपैकीं निदान निम्मे दगावले. गुण घटले त्यांत मात्र मृत्यूचें प्रमाण शेंकडा २७ हून कमी राहिलें. तात्पर्य, दाखल होतांनाच्या अवस्थेइतकेंच महत्त्व पुढील दोन दिवसांच्या कलास आहे.

आणि दाखल होण्यापूर्वींच्या तासांना तर त्याहूनहि अधिक. जंतुदोषानें रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांत योग्य प्रतिजैविक देण्यास होणाऱ्या दर तासाच्या विलंबागणिक वांचण्याचें प्रमाण सरासरी शेंकडा ७.६ नें घटतें, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळलें. कापसाच्या शेतांत वापरलें जाणारें फॉस्फरसयुक्त कीटकनाशक पोटांत गेलेल्या माणसाचीहि गोष्ट अशीच आहे. अॅट्रोपीन त्वरित मिळालें आणि श्वास मंदावतांच यंत्राचा आधार लाभला, तर मरणोन्मुख रुग्णहि पुष्कळदां बरा होतो. घरगुती उपायांत गेलेली एक रात्र मग कोणत्याहि यंत्रानें भरून निघत नाहीं. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस वेळींच बोलाविणें हा या उपचाराचाच पहिला भाग होय.

वांचलेल्याची कथाहि विभागाच्या दाराशीं संपत नाहीं. स्नायूंची दुर्बलता, विस्मरण आणि भीति हीं कित्येक महिने पाठ सोडीत नाहींत; अशा माणसास चालावयास पुन्हां शिकवावें लागतें. यास्तव नातलगांनीं ‘वांचेल ना?’ एवढ्यावरच न थांबतां डॉक्टरांना रोज तीन गोष्टी विचाराव्या : कोणत्या इंद्रियांचें कार्य खालावलें आहे, कालच्यापेक्षां आज कल कोणीकडे आहे, आणि बरा झाल्यास रुग्णाला कोणत्या प्रकारचें आयुष्य लाभेल. या उत्तरांवरून उपचार नेटानें पुढें चालवावे, रुग्णास मोठ्या शहरीं हलवावें, कीं त्याच्या वेदना शमवून त्यास शांतपणें निरोप द्यावा, हा कठीण निर्णय घरच्यांना डोळसपणें घेतां येतो.