दुरुस्तीची सुरुवात किंगपिनपासून

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी, मोशी आणि चाकण ओलांडताना नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर चटकन नजरेत भरतात. परंतु या पट्ट्यातील कारखान्यांना पत्रा, ओतीव भाग आणि सुटे भाग पोचवण्याचे रोजचे काम ज्या मालमोटारी व मिनीट्रक करतात, त्यांतील अनेक वाहने बरीच जुनी असून कित्येकांची मालकी दोन-तीन हातांतून फिरलेली असते. अशा वाहनाच्या इंजिनाकडे मालकाचे लक्ष असते, कारण इंजिन बिघडले की गाडी उभी राहते आणि भाडे बुडते. स्टीअरिंगचे तसे नाही. ते वर्षानुवर्षे थोडेथोडे झिजत जाते, चालकाचा हात त्या झिजेशी नकळत जुळवून घेतो आणि एखादा नवा चालक गाडीवर बसेपर्यंत तिच्यात काही बिघडले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जुन्या मालमोटारींत पुढची दोन्ही चाके सहसा एका अखंड पोलादी ॲक्सलच्या दोन टोकांना बसवलेली असतात. प्रत्येक टोकाला किंगपिन नावाची जाड, उभी पिन असते आणि दार बिजागरीच्या खिळीभोवती फिरावे तसा चाक वाहून नेणारा स्टब ॲक्सल या पिनेभोवती डावी-उजवीकडे वळतो. चालकाने स्टीअरिंगचे चक्र फिरवले की ती हालचाल प्रथम स्टीअरिंग बॉक्समध्ये जाते. तेथे आटे पाडलेला दंड, त्यावरून सरकणारा दातेरी नट आणि दोहोंच्या मध्ये घरंगळणाऱ्या पोलादी गोळ्या यांच्यामुळे चालकाच्या हाताचा जोर अनेक पटींनी वाढतो. बॉक्सबाहेरचा ड्रॉप आर्म मागेपुढे हलतो, ड्रॅग लिंक हा दांडा ती हालचाल एका बाजूच्या चाकापर्यंत नेतो, तर टाय रॉड हा आडवा दांडा दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो. या दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात, म्हणजे वाटीत बसवलेली आणि सर्व दिशांना फिरू शकणारी पोलादी गोळी. या प्रत्येक सांध्यात झिजेमुळे जी मोकळी जागा निर्माण होते तिला गॅरेजच्या भाषेत प्ले म्हणतात, आणि चालकाला चक्रावर जाणवणारा प्ले हा या साऱ्या सांध्यांतील मोकळेपणाची बेरीज असतो. दुरुस्तीतील बहुतेक चुका ही बेरीज न सोडवल्यामुळे होतात.

चाकणच्या परिसरात ही झीज वेगाने व्हावी यामागे वाहतुकीची रीतही कारण आहे. मालाने भरलेल्या गाडीची चाके उभ्या जागी, टायर न फिरता वळवली तर किंगपिन आणि बॉल जॉइंट यांवर सर्वाधिक ताण येतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत पुढेमागे सरकणे, अरुंद आवारात माल उतरवण्यासाठी गाडी मागे घेणे आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीत इंच-इंच वाट काढणे, या सर्वांत नेमके हेच घडते. त्यात खड्ड्यांचे हादरे पडतात आणि पावसाळ्यात सांध्यांवर उडणारे चिखलपाणी ग्रीस धुऊन नेते. पॉवर स्टीअरिंग असलेल्या गाडीत तेलाच्या दाबाने हाताचे श्रम वाचतात खरे, परंतु चालकाच्या तळहाताला मिळणारी सूचनाही त्याच दाबात बुजून जाते, त्यामुळे तेथे झीज अधिक उशिरा उमगते.

कायद्याने या प्लेला मर्यादा घातली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८व्या नियमानुसार स्टीअरिंग चक्रावरील मोकळा फेर ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना सुटणार नाहीत अशा रीतीने पक्क्या केलेल्या असल्या पाहिजेत. पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे बारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडे अधिक अंतर. चाक हलण्यापूर्वी चक्र एवढे फिरू देणारा नियम उदारच म्हटला पाहिजे. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते आणि अनेक गाड्यांच्या स्टीअरिंगकडे लक्ष जाते ते त्याच सुमारास.

प्रमाणपत्राच्या घाईत जो उपाय केला जातो तो सर्वांत सोपा असतो. स्टीअरिंग बॉक्सवर प्ले कमी-जास्त करणारा एक स्क्रू असतो. तो थोडा आवळला की चक्र लगेच घट्ट लागते आणि मालकाचे समाधान होते. परंतु गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्यामुळे बॉक्समधील दाते मधल्या भागातच जास्त झिजलेले असतात, कडेचे दाते जवळजवळ नव्यासारखे असतात. मधला प्ले पूर्ण जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर तेच दाते एकमेकांत करकचून बसतात, स्टीअरिंग जड होते आणि वळण घेतल्यावर चक्र आपोआप सरळ येईनासे होते. खरा प्ले किंगपिनमध्ये असताना बॉक्स आवळणे हे तर दुहेरी नुकसान आहे, कारण दोष तसाच राहतो आणि धडधाकट भाग बिघडतो.

म्हणूनच जाणता मिस्त्री तपासणी चाकापासून सुरू करतो आणि चक्राकडे शेवटी येतो. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून चाक वर आणि खाली धरून हलवले जाते. चाक डुगडुगले तर दोष किंगपिनचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असू शकतो, आणि हे ठरवण्यासाठी क्लीनरला ब्रेक दाबून धरायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि स्टब ॲक्सल एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो आणि तरीही चाक हलत असेल तर तो किंगपिनच असतो. त्यानंतर गाडी जमिनीवर टेकवून एकाने चक्र डावी-उजवीकडे थोडे थोडे फिरवायचे आणि दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक बॉल जॉइंटवर बोट ठेवायचे. गोळी आणि वाटी यांच्या हालचालीतील उशीर डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो.

किंगपिन बदलण्याचे काम कष्टाचे आहे आणि कौशल्याचेही. पिनेला आडवी अडवणारी खुंटी काढल्यानंतर वर्षानुवर्षे गंजलेली पिन कधी घणाच्या ठोक्यांनी, कधी प्रेसने बाहेर काढावी लागते. पिनेच्या वर आणि खाली स्टब ॲक्सलमध्ये एकेक बुश, म्हणजे पितळी किंवा कांस्य धातूची नळी, असते. झीज मुख्यतः याच बुशांची व्हावी अशी योजना असते. नवे बुश दाबून बसवताना त्यांतील ग्रीसचे छिद्र ग्रीस निप्पलच्या छिद्राशी जुळले पाहिजे, नाहीतर पुढे कितीही ग्रीस भरले तरी ते पिनेपर्यंत पोचत नाही. बसवलेला बुश किंचित आकसतो, म्हणून त्याला आतून रीमर या अनेक धारांच्या हत्याराने मापात आणावे लागते, आणि वरचा-खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत कापावा लागतो. प्रत्येक बुश स्वतंत्रपणे घासला तर दोन्ही मापात असूनही पिन तिरकी बसते आणि महिन्याभरात पुन्हा प्ले येतो. नवी पिन तळहाताच्या दाबाने आत सरकली पाहिजे; तिला हातोडा लागला तर बुश आवळ आहे आणि ती स्वतःच्या वजनाने खाली पडली तर पैसे वाया गेले. ॲक्सल आणि स्टब ॲक्सल यांच्यामधील उभी फट शिम नावाच्या पातळ चकत्या घालून भरतात, तर गाडीचा भार खालच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. या बेअरिंगपर्यंत ग्रीस पोचावे म्हणून ग्रीसगन लावताना ॲक्सल उचललेला असावा लागतो, ही साधी गोष्ट पुष्कळ ठिकाणी पाळली जात नाही.

बॉल जॉइंटची गोष्ट याहून सोपी आहे, कारण तो दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. तरीही वाटी ठोकून आवळणे, वाकलेला टाय रॉड गॅसवर तापवून सरळ करणे किंवा तडा गेलेला स्टब ॲक्सल वेल्डिंगने जोडणे असे प्रकार चालतात. घडाईच्या पोलादाला घण आणि उष्णता यांच्या ठरावीक क्रमाने बळकटी आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचे पोलाद ठिसूळ होते आणि तडा पुढे तेथूनच जातो. पुण्यात १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज ही कंपनी मालमोटारींचे ॲक्सल आणि स्टब ॲक्सल घडवून देशोदेशी पाठवते, आणि तिच्यापासून तास-दोन तासांच्या अंतरावर जुना स्टब ॲक्सल वेल्डिंगच्या ठिणग्यांखाली असतो. हा विरोधाभास मालकाच्या अज्ञानापेक्षा त्याच्या खिशाशी अधिक संबंधित आहे.

स्टीअरिंगने दगा देणे हा केवळ रस्त्यावरचा प्रश्न नाही. भारतीय नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेत, एप्रिल २०१८ मध्ये स्टीअरिंग यंत्रणा बिघडल्यामुळे नौकेला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराकडे वळावे लागले होते. अशा नौकांवर चक्र आणि सुकाणू यांना जोडणाऱ्या यंत्रणेने दगा दिला तर सुकाणूच्या दांड्याला थेट लावण्याचा आपत्कालीन टिलर जवळ ठेवण्याचा प्रघात आहे. मालमोटारीला असा पर्याय नाही, आणि बॉल जॉइंट वाटीतून निसटल्यावर चालकाच्या हाती फक्त ब्रेक उरतो.

म्हणूनच जोडणीच्या शेवटच्या टप्प्याला महत्त्व येते. बॉल जॉइंटचा निमुळता भाग कोरडा, स्वच्छ करून बसवावा लागतो. त्यावरील खाचांचा नट ठरलेल्या जोराने आवळल्यानंतर स्प्लिट पिनेचे छिद्र खाचेशी जुळले नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळायचा असतो, मागे सैल करायचा नसतो, आणि जुनी पिन सरळ करून पुन्हा घालायची नसते. नवे भाग बसवले की चाकांचा कोन बदलतो, त्यामुळे टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा जेवढ्या जवळ ठेवलेल्या असतात ते अंतर, पुन्हा मोजून टाय रॉडच्या उलट-सुलट आट्यांनी जुळवावे लागते. ते चुकले तर टायरच्या नक्षीची एक कड धारदार होते आणि हात फिरवल्यावर ती बोटांना लागते. चार-पाच फेऱ्या झाल्यावर नटांचा जोर आणि टो-इन पुन्हा तपासायला गाडी गॅरेजमध्ये आणावी असे मिस्त्री सांगतो. तोपर्यंत ती बहुधा भाडे घेऊन नाशिककडे निघालेली असते.