कपाटातला टॅब, टेबलावरची दुसरी स्क्रीन

लॉकडाउनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब आता कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत. विकायला काढले तर किंमत येत नाही, टाकवतही नाहीत. अशा टॅबला लॅपटॉपची दुसरी स्क्रीन म्हणून कामाला लावता येतं. त्यावर चित्रही काढता येतं, पण तिथे अटी जरा जास्त आहेत.

नुसती केबल लावून भागत नाही

बहुतेकजण आधी एचडीएमआयची केबल शोधतात. ती बाजूला ठेवा. टॅबचं टाइप-सी पोर्ट फार तर चित्र बाहेर पाठवतं. बाहेरचं चित्र आत घ्यायची सोय त्यात सहसा नसते. लेनोवोचा २०२१चा योगा टॅब १३ हा अपवाद, त्याला मॉनिटरसारखं एचडीएमआय जोडता येतं. टाइप-सी असलेल्या आयपॅडला आयपॅडओएस १७पासून यूएसबी कॅप्चर कार्ड लावून तेच साधता येतं. बाकी सगळ्यांना सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा लागतो.

मग चित्र जातं कसं?

लॅपटॉपवर टाकलेला प्रोग्राम एक खोटी स्क्रीन उभी करतो. विंडोजला वाटतं, खरोखरचा मॉनिटर जोडलाय. त्या स्क्रीनवरचं चित्र क्षणोक्षणी टिपून, व्हिडिओसारखं दाबून लहान केलं जातं, वायफायवरून किंवा केबलमधून टॅबकडे जातं आणि तिथे पुन्हा उलगडतं.

दाबून का? हिशेब करून बघा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला रंगाचे २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं: झाले जवळजवळ ३ गिगाबिट. साध्या यूएसबी २.० केबलची कमाल क्षमता ४८० मेगाबिट, तीही कागदावर. म्हणजे टॅब मॉनिटर होत नाही, तो थेट प्रक्षेपण बघत असतो. शेजाऱ्यांकडे चौकाराचा जल्लोष झाल्यावर आपल्या टीव्हीवर चेंडू सीमारेषेपार जातो ना, तशातलाच हा उशीर. फक्त सेकंदाच्या छोट्या अंशाचा.

तुमच्या जोडीला काय लागू पडेल?

मॅक आणि आयपॅड असेल तर फार शोधू नका. २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून साइडकार ही दुसऱ्या स्क्रीनची सोय त्यातच आहे. दोन्हींवर एकच अ‍ॅपल खातं हवं आणि वायरलेस जोडायचं तर अंतर दहा मीटरच्या आत. विंडोज आणि अँड्रॉइडसाठी स्पेसडेस्क आहे, घरगुती वापराला फुकट. लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर, टॅबवर अ‍ॅप आणि दोन्ही एकाच वायफायवर, की झालं. सॅमसंगच्या २०२०च्या टॅब एस७मध्ये आणि त्यानंतरच्या वरच्या श्रेणीतल्या टॅबमध्ये ‘सेकंड स्क्रीन’ आधीच असतं. ते चालू करून लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं दाबायची. लिनक्सवाल्यांनी वेलस बघावं, ते टॅबच्या ब्राउझरमध्येच उघडतं.

जोडल्यावर विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडायला विसरू नका. नाहीतर दोन्हीकडे तेच ते दिसतं आणि माणूस म्हणतो, यात काय विशेष! डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टॅबचा चौकोन ओढून, तो टेबलावर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला ठेवा. एरवी माउस डावीकडे नेला की बाण उजवीकडे जाऊन बसतो.

या स्क्रीनवर काय ठेवावं?

जे फार हलत नाही ते. मी मूळ मजकूर टॅबवर उभा ठेवते आणि टाइप लॅपटॉपवर करते. मान खाली घालून कागद बघणं वाचतं. चॅट, कॅलेंडर, शब्दकोश हेही तिथे छान राहतात. सिनेमा मात्र सरळ टॅबवरच लावावा, लॅपटॉपमार्गे नको.

प्रुफं तपासताना जपून. व्हिडिओ दाबताना उजेड-अंधारापेक्षा रंगाचा तपशील बहुधा जास्त कापला जातो, त्यामुळे लाल अक्षरांतल्या दुरुस्त्या पुसट दिसतात. बारीक टाइपात अनुस्वार आहे की स्क्रीनवरचा कण, असा प्रश्न पडतो. अक्षरं दीडपट मोठी करा, किंवा शेवटचं वाचन मुख्य स्क्रीनवर करा.

चित्र काढायचं असेल तर

इथे सगळं पेनावर येतं. रबरी टोकाचं स्वस्त पेन म्हणजे टॅबच्या लेखी बोटच. किती जोर दिला हे त्याला कळत नाही. सॅमसंगच्या एस पेनला ते कळतं आणि रेषेसाठी त्याला बॅटरीही लागत नाही, कारण ऊर्जा स्क्रीनखालच्या थरातून मिळते. हे तंत्र चित्रकारांसाठी पेन-टॅब्लेट बनवणाऱ्या वॅकॉमचं. अ‍ॅपल पेन्सिल घेताना नीट बघा: २०२३ची टाइप-सी पेन्सिल दाब ओळखत नाही.

पेनाने ओळखलेला दाब लॅपटॉपपर्यंत पोचवणारं अ‍ॅपही हवं. अँड्रॉइड-विंडोज जोडीसाठी सुपरडिस्प्ले ते करतं, पण पैसे मोजावे लागतात. एवढं करून रेषा सगळीकडे सारख्याच जाडीची येत असेल तर तुमच्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये, उदाहरणार्थ क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये, विंटॅबऐवजी विंडोज इंक निवडून पाहा.

वाचताना न जाणवलेला उशीर इथे डोळ्यांत भरतो. टोक पुढे, रेषा मागून. केबल लावली की बराच फरक पडतो. वॅकॉमच्या सिंटिक या चित्र काढायच्या स्क्रीनला हा त्रास कमी, कारण त्यात चित्र व्हिडिओ केबलनेच थेट येतं. म्हणून नुसती रेखाटनं करायची असतील तर लॅपटॉप मध्ये आणूच नका: आयपॅडवर प्रोक्रिएट आहे, अँड्रॉइड टॅबवर क्रिटा चालतं. जोडणी करायची ती सॉफ्टवेअर लॅपटॉपवरच चालत असेल तेव्हा.

चार्जिंग आणि वायफाय

साधं यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर देतं. तेवढ्यावर पेटलेल्या स्क्रीनचं भागत नाही, म्हणून केबल लावूनही टॅबची बॅटरी उतरत राहते. ब्राइटनेस कमी ठेवा. वायफायवर चित्र अडखळत असेल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर घ्या आणि त्याच्याजवळ बसा. वीज गेली की लॅपटॉप आणि टॅब दोन्ही चालू राहतात, पण राउटर बंद पडतो. मग टॅबवर मांडून ठेवलेल्या सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन गर्दी करतात.