पुरलेले विष आणि कोळशाची गाळणी

न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने त्यात १९४२ पासून १९५३ पर्यंत सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि, दस्तऐवजात त्या द्रव्यांचा इशारा नमूद करून, ती जमीन एका डॉलरच्या मोबदल्यात स्थानिक शाळामंडळाच्या हवाली केली. इशारा कागदावरच राहिला. तेथे शाळा उभी राहिली, शेजारी घरे झाली, आणि पावसाचे व बर्फाचे पाणी मुरून तो खड्डा तुडुंब भरला, तेव्हा गंजलेल्या पिंपांतील उग्र दर्पाचा काळसर द्रव तळघरांच्या भिंतींतून पाझरू लागला. १९७८ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली.

तो कचरा उकरून नेला गेला नाही. सभोवती चर खणून त्यांत सच्छिद्र नळ घातले, वर चिकणमातीचे जाड आच्छादन पसरले, आणि चरांत उतरणारे दूषित पाणी उपसून ते सक्रिय कोळशातून गाळण्याची व्यवस्था केली. या कोळशाच्या असंख्य सूक्ष्म रंध्रांच्या पृष्ठभागाला सेंद्रिय विषांचे रेणू चिकटून राहतात.

या प्रकरणातूनच १९८० चा ‘सुपरफंड’ कायदा झाला, ज्यान्वये शुद्धीकरणाचा खर्च दूषित करणाऱ्याकडून वसूल होतो. कोणी जबाबदार सापडलाच नाही, तर सरकारी निधी खर्च होतो, व त्यात राज्यालाही सामान्यतः दहा टक्के वाटा उचलावा लागतो. माझ्या मते हा न्याय रास्त आहे. मात्र जुन्या कारखान्याच्या जागेवर शाळेला परवानगी देण्यापूर्वी तेथील माती आणि भूजल तपासून घ्यावे, असा आग्रह प्रत्येक नगरपालिकेकडे नागरिकांनी धरलाच पाहिजे.