शेतकरी आठवडे बाजार

शेतकरी आठवडे बाजार ही भाजीपाला, फळे व धान्य मध्यस्थांविना शेतकऱ्याकडून शहरी ग्राहकापर्यंत पोहोचविणारी महाराष्ट्रातील विक्रीव्यवस्था आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ (स्थापना १९८४, मुख्यालय पुणे) या बाजारांना चालना देते. अभियानास अरण (जि. सोलापूर) येथील संत सावता माळी यांचे नाव देण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

१९६३ च्या अधिनियमानुसार राज्यात कृषी उत्पन्न बाजार समित्यांची व्यवस्था उभी राहिली. या व्यवस्थेत माल शेतकरी, अडत्या, घाऊक व्यापारी व किरकोळ विक्रेता अशा साखळीतून जातो. प्रत्येक टप्प्यावर हमाली, वाहतूक व नासाडीचा भार किमतीत मिसळतो. २०१६ मध्ये राज्य शासनाने बाजार आवाराबाहेरील फळे-भाजीपाला विक्री नियमनमुक्त केली. तत्पूर्वी पंजाबात ‘अपनी मंडी’ (१९८७), आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ (१९९९) व तमिळनाडूत ‘उळवर संदै’ (१९९९) हे प्रयोग सुरू झाले होते.

स्वरूप

शेतकरी गट किंवा उत्पादक कंपन्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी माल आणतात. सकाळी काढलेली भाजी त्याच दिवशी विकली जात असल्याने साठवणुकीचा खर्च वाचतो.

पेण-रोहा परिसर

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा येथे थेट विक्रीची परंपरा शासकीय अभियानाहून जुनी आहे. परिसरातील ठाकूर व कातकरी स्त्रिया पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी व कंटोळी या रानभाज्या टोपल्यांतून विक्रीस आणतात. भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर घेतलेला वाल हिवाळ्यात बाजारात येतो. यांतील बरीच विक्री वजनाने न होता जुडीने किंवा वाट्याने होते. त्यामुळे रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासही एका जेवणापुरती भाजी घेता येते.

या स्त्रियांकडे शीतगृहाची सोय नसते. उरलेला माल परत नेण्याचे भाडेही परवडत नाही. म्हणून सायंकाळी भाव उतरतो. त्याचा लाभ ग्राहकास होतो, परंतु तोटा विक्रेतीच्या वाट्यास येतो.

मर्यादा

बाजार कोठे भरतो, यावर त्याचा लाभ कोणास मिळतो हे अवलंबून असते. तो मोठ्या गृहसंकुलांजवळ भरल्यास दूरच्या वस्त्यांतील भाजीचे भाव पूर्ववत राहतात. ज्या घरी शीतकपाट नाही, त्यांना आठवड्यातून एक दिवस भरणारा बाजार पुरेसा ठरत नाही. अशा वस्त्यांची रोजची गरज हातगाडीवाले व रस्त्याकडेचे विक्रेतेच भागवितात.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र व विक्रीक्षेत्रे यांची तरतूद आहे. शहर विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत व त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे हा कायदा सांगतो. विक्रेतीला हक्काची जागा मिळाली, तरच वस्तीला रोजची ताजी भाजी मिळण्याची शाश्वती राहते.