विहिरीतून निघालं जांभळं कोडं!

समजा, असा सीन आहे. ऑफिसमध्ये लंच टाइम. डबा उघडता उघडता मोबाइल वाजतो. धुळ्याकडच्या गावाहून चुलतभावाने फोटो पाठवलाय. खाली एकच ओळ : 'हाई काय शे रे भो?'

विहिरीचं खोदकाम चाललंय. यारीने वर आलेल्या डबरात हा दगड सापडला. बाहेरून बटाट्यासारखा मळकट, आतून जांभळ्या चमचमत्या टोकांनी गच्च भरलेला. गावात एव्हाना तीन पक्ष झालेत. कुणी म्हणतं हिरा, कुणी म्हणतं नुसती काच, तर कुणी म्हणतं आधी सोनाराकडे चला. आणि तुम्ही पडलात शहरातले, म्हणजे तुम्हाला सगळं माहीत असणारच!

डोण्ट वरी. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : गारगोटी. हो, तीच! लहानपणी अंधारात दोन घासून ठिणग्या काढायचो ती. फक्त ही जांभळ्या रंगाची. इंग्रजी नाव ॲमेथिस्ट; आपले खडेवाले हिला 'कटेला' म्हणतात.

आता ही विहिरीत पोहोचली कशी? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. सोडावॉटरसारखे त्यात वायूचे बुडबुडे होते. लाव्हा थिजला, काळा पाषाण झाला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यात सिलिका आणून बसवली आणि सावकाश स्फटिक वाढले. त्यात शिरलेलं किंचित लोह आणि भोवतालच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग, या दोघांच्या जोडीने आला जांभळा रंग. सोबत पांढरे किंवा पीच रंगाचे नाजूक स्फटिक दिसले तर ते बहुधा झिओलाइट. 'जळगाव' असं लेबल लावलेले हे झिओलाइट जगभरचे संग्राहक हौसेने घेतात, बॉस!

पण 'बहुतेक' म्हणजे 'नक्की' नव्हे. म्हणून घरच्या घरी चार टेस्ट, त्याही एखाद्या तुटक्या कपच्यावरच करा.

एक : आकार. ॲमेथिस्टचं टोक सहा बाजूंनी निमुळतं होत जातं. ठोकळ्यासारखे चौकोनी स्फटिक असतील तर संशय फ्लोराइटवर. शेजारच्या गुजरातेत आंबाडुंगरला त्याचे मोठे साठे आहेत.

दोन : चाकू. कठीणपणाच्या मोज़पट्टीवर ॲमेथिस्ट ७ वर, फ्लोराइट ४ वर. चाकूने ओरखडा उठला तर तो ॲमेथिस्ट नाही. उलट ॲमेथिस्टनेच काचेवर ओरखडा उठतो. (आईच्या शोकेसवर प्रयोग नको, जुनी बाटली घ्या!)

तीन : लिंबू. रस टाकल्यावर बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्साइट.

चार : नेलपॉलिश रिमूव्हर. ही टेस्ट विहिरीतल्या दगडाची नाही, विकत घेतलेल्याची. बाजारात रंगात बुडवलेले खडेही असतात. कापसाला जांभळा रंग लागला तर समजा, गंडलात!

या सगळ्यापेक्षा मोठा पुरावा मात्र आपण स्वतःच फेकून देतो : दगड निघाला कुठून? गाव कोणतं, किती फुटांवर, भोवती काळा पाषाण होता की मुरूम? जाणकार आधी हेच विचारतो, कारण खडक कळला की निम्मी नावं आपोआप बाद होतात. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडला, तेव्हा असेच स्फटिक निघाले आणि परदेशातल्या म्युझियम्सपर्यंत गेले. ठिकाणाची नोंद होती, म्हणून आज त्यांना अर्थ आहे. नोंद नसलेला दगड म्हणजे नुसता शो-पीस.

आणि पैशाचं काय? एकेकाळी ॲमेथिस्ट राजेरजवाड्यांचं रत्न होतं. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये प्रचंड साठे सापडले आणि भाव उतरला. त्यामुळे नोकरीचा राजीनामा लगेच टाइप करू नका. पण घाईत घणही घालू देऊ नका. अख्खी पोकळी शाबूत असेल तर तिची शान वेगळी; फोडून वाटून घेतली की प्रत्येकाच्या हाती फक्त खडे उरतात.

तेव्हा भावाला एवढंच कळवा : फोडू नको, मोजपट्टी लावून फोटो काढ, खोली लिहून ठेव, दगड उन्हात ठेवू नको (रंग हळूहळू उडतो) आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला दाखव. धुळ्याचा काळा पाषाण त्यांच्या रोजच्या ओळखीचा. तुम्ही स्वतः कधी नाशिक-शिर्डी रस्त्याला लागलात, तर सिन्नरला २००१ पासूनचं खनिजांचं म्युझियम आहे. नाव काय माहितीये? 'गारगोटी'!

आणि हो, विहिरीला पाणी लागलं का, हेही विचारा. घरच्यांना खरी काळजी त्याचीच असणार.